खासदार पिंप्रीला येतात

विमलताई ओट्यावर तूर पाखडत होत्या. मधल्या खोलीचं दार आतून लोटल्याचा आवाज आला, तेव्हा सूप त्यांच्या हातातच थांबलं.

"ताई, मी वावरात गेलो म्हून सांग," दाराआडून त्यांचे धाकटे भाऊ रामराव म्हणाले.

"कोणाले सांगू?"

"येऊनच राह्यला तो. पुलाकडे पाह्य."

विमलताईंनी डोळ्यांवर हात धरला. दोन पांढऱ्या गाड्या नाल्यावरचा पूल ओलांडून गावात शिरत होत्या. पांढऱ्या गाड्या बाभुळगाव तालुक्यात आता पुष्कळ झाल्या. पण रस्त्यात बसलेल्या म्हशी उठेपर्यंत हॉर्न न वाजवता थांबणारी गाडी एकाच माणसाची होती. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदर सारखा केला. नको तेवढ्या वेळा सारखा केला.

गुणवंतराव ठोंबरे तीन वेळा आमदार झाले, एकदा पडले, पुन्हा उभे राहिले आणि आता खासदार होते. सारा जिल्हा त्यांना भाऊ म्हणायचा. या घरात मात्र ते गुणवंताच. त्यांच्या गावी चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून ते रामरावांबरोबर शिकायला इथेच राहिले. बाभुळगावच्या हायस्कुलात दोघं एकाच सायकलवर जायचे. पुढच्यानं पायडल मारायचं, मागच्यानं पाढे म्हणायचे. विमलताई तेव्हा नुकत्याच कपाळ पुसून माहेरी आल्या होत्या. वय विशीचं. दिवस कसे काढावेत हे कळत नव्हतं, तेव्हा या दोन पोरांच्या भाकरी थापता थापता ते निघाले.

मग पुलापायी दोघांत फाटलं. पूल यंदा होणार, गुणवंतानं शब्द दिला आहे, असं रामरावांनी ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं. त्या साली एकाच पुलाला मंजुरी मिळाली, आणि आमदार गुणवंतरावांनी तो नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या कोलाम आदिवासींच्या वस्तीला, पोडाला, दिला. गावानं रामरावांना पार खाली पाहायला लावलं. पिंप्रीचा पूल पुढे तीन वर्षांनी झाला. उद्घाटनाला अख्खं गाव गेलं, रामराव गेले नाहीत. पूल झाल्यावरही वर्षभर ते वावरात जायचे ते नाल्याच्या पाण्यातून, धोतर वर खोचून. गुणवंतराव दोनदा दारापर्यंत आले. दोन्ही वेळा दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा ते आले नाहीत, आणि पाहता पाहता अकरा वर्षं झाली.

तरी लोकसभेच्या मतदानाला रामराव सगळ्यांच्या आधी जाऊन आले. मत कोणाला दिलं हे विमलताईंनी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी रामरावांनी जेवण दोनदा मागितलं, तेवढं पुरे होतं. तेव्हापासून दुपारी टीव्हीवर लोकसभेचं कामकाज लागायचं. काय पाहतोस म्हणून विचारलं तर "बातम्या" म्हणायचे. एकदाच, गुणवंतराव बोलत असताना, ते चिडून म्हणाले होते, "हा अध्यक्षांकडे पाहून काहून बोलत नाही? दाराकडे पाहून बोलते, येड्यासारखा."

दोघंही सत्तरीपार गेले होते. यातला एक गेल्यावर दुसऱ्यानं येऊन ओट्यापाशी डोळे पुसावेत, हे विमलताईंना नको होतं. देवापुढे हात जोडताना त्या आताशा तेवढंच मागायच्या.

गाड्या अंगणाबाहेर थांबल्या. गुणवंतराव उतरले. त्यांनी चपला फाटकाशीच काढल्या, मान खाली घालून आत आले आणि ओट्यासमोर सरळ मातीत बसले. मागून त्यांचे स्वीय सहायक गोपालराव आले, चष्म्याचे, पन्नाशीचे. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गाड्या पाहून शेजारपाजारची माणसंही जमली. मोटारपंप दुरुस्त करणारा वाहिद हाताला ग्रीस तसंच घेऊन आला, पलीकडची मथुराबाई आली. खासदार गप्प बसले आहेत हे पाहून सगळे गप्प बसले.

रामराम नाही, ताई कशी आहेस नाही, रामराव कुठे म्हणून विचारणं नाही. विमलताईंच्या मनाला ते लागलं. दिल्ली माणसाला एवढी बदलते का, असं त्यांच्या मनात आलं.

"पाणी आणू?" त्यांनी विचारलं.

गुणवंतरावांनी मान हलवली. नको.

आता मात्र विमलताई दचकल्या. रामराम न घालता यायचं, खाली बसायचं, पाणी घ्यायचं नाही, ही रीत एकाच घरी पाळतात. ज्या घरातून माणूस गेलं आहे, त्या घरी.

"मले काल कळलं, ताई," गुणवंतराव म्हणाले. "दिल्लीहून भेटलं त्या विमानानं नागपूर, अन् तिथून सीधा इकडे. घरी बी नाही गेलो." त्यांनी ओट्याच्या काठाला हात लावला. "त्रास झाला काय त्याले? रामरावाले?"

विमलताई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्यांचं कपाळ पन्नास वर्षांहून अधिक काळ मोकळं होतं, त्यावरून कोणाला काय कळणार. रामरावांची बायको कधीच गेलेली, मुलं पुण्याला. बंद दाराचं, शांत घर. दुःखाच्या घराला आणखी काय वेगळं असतं?

"भाऊ," वाहिद म्हणाला, "रामरावकाका तर—"

"वाहिद," विमलताई म्हणाल्या, "बस खाली."

वाहिद बसला. मथुराबाईनं तोंडाला पदर लावला आणि ती विमलताईंकडे एकटक पाहू लागली.

जिवंत माणसाबद्दल असं बोलू देणं अभद्र, हे विमलताईंना कळत होतं. पण मरणाची खोटी बातमी उठली की त्या माणसाचं आयुष्य वाढतं, असंही त्यांची आई म्हणायची. त्या उठल्या, मधल्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि दाराला पाठ टेकून बसल्या. त्यांच्या भारानं दार बोटभर उघडलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"बोल, गुणवंता," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोल. मले आताशा कमी ऐकू येते."

मथुराबाईनं पदर आणखी घट्ट धरला. विमलताईंना तीन घरं पलीकडची कुजबुज ऐकू यायची, हे सगळ्या आळीला माहीत होतं.

"काय बोलू, ताई," गुणवंतराव म्हणाले. "मले बोलाले त्यानंच शिकवलं. मी पह्यलं भाषण कुठं केलं, आठवते तुले?"

"कापसाच्या गाडीवर."

"हो. खरेदी बंद पडलती. लोक बैलगाड्या घेऊन उभे, रांग पार शाळेच्या पलीकडे. मी एका गाडीवर चढलो. माइक नाही, काही नाही. रामराव म्हणे, मी शेवटच्या गाडीपाशी उभा राह्यतो, आवाज नाही आला तं दुपट्टा हालवीन. अन् लेकानं पह्यल्या वाक्याले जो दुपट्टा हालवला, तो खाली घेतलाच नाही."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"घसा बसला माहा. खाली उतरलो तं म्हणते कसा, पुढच्याले कायले सांगतं, तो तं तुह्या जवळच उभा हाये. शेवटचा माणूस बैल जुपून घरी निघाला होता. तो थांबला, तं भाषण झालं समज. मंग तीस वर्षं तेच. झेडपी झाली, आमदारकी झाली, मंत्री होतो तवाही. लोक समोर हार घेऊन उभे राह्यत, मी मांगं रामराव कुठं हाये ते पाहो."

"अन् मंग?"

"मंग मांगं पाहाले कोणी राह्यलं नाही." गुणवंतरावांनी बोटानं मातीत एक रेघ ओढली. "लोकसभेत पह्यल्यांदा उभा राह्यलो. कापसावरच बोलाचं होतं. तिथला माइक असा, ताई, का हळू बोललं तरी साऱ्या देशाले ऐकू जाते. पण मले पह्यलं वाक्यच सापडेना. इतक्या निवडणुका लढलेला माणूस मी. काय करू? तिथं पार शेवटी एक मोठं दार हाये. त्या दारापाशी रामराव उभा हाये, असं समजलो, अन् त्याच्याकडे पाहून बोललो. लोक म्हणतात, भाऊ, अध्यक्षांकडे पाहून बोलत जा. नाही जमत. अजूनही दाराकडेच पाह्यतो."

विमलताईंच्या पाठीमागे खाट करकरली. वाहिद मोठ्यानं खोकला, आणि खोकून झाल्यावर त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. विमलताईंनी मान किंचित हलवली.

त्यांची पाठ आपोआप ताठ झाली होती. देशाच्या सभागृहात उभा राहून बोलणारा माणूस आपल्या अंगणातल्या मातीत बसला आहे आणि आपल्या भावाचं नाव घेतो आहे. आळीतल्या सगळ्यांनी हे ऐकावं, असं त्यांना वाटत होतं. एकानं तर ऐकावंच. आणि एक गोष्ट अजून बोलायची राहिली होती. ती निघाली तर सगळं पुन्हा मोडेल, अशीही भीती होती. पण ती न निघता हे जुळणारही नव्हतं.

"अन् पुलाचं?" त्यांनी विचारलं.

गुणवंतरावांनी मातीतली रेघ तळव्यानं पुसली.

"पूल मी पोडालेच देला, ताई," ते म्हणाले. "आजही देईन. त्या पावसाळ्यात पोडावरची एक बाळंतीण नाल्याच्या काठावर बसून होती, पाणी उतरायची वाट पाहत. मी तिले पाह्यलं होतं. रामरावानं नव्हतं पाह्यलं. म्हून मी म्हणतो माहं बराबर होतं. पण त्याचंही चूक नव्हतं. त्यानं गावाले शब्द देला होता, तो माह्या भरवशावर. पूल पोडाले गेला तवा भर ग्रामसभेत त्यानं मले जे सुनावलं, तसं सुनावणारा मले मंग कोणी भेटला नाही. आता जे भेटतात, ते म्हणतात, वा भाऊ. काहीही बोला, वा भाऊ."

गोपालराव हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहू लागले.

"लोक म्हणतात, गुणवंत ठोंबरेनं जिल्हा घडवला. घडवला असन. पण गुणवंत ठोंबरेले पिंप्रीच्या एका माणसानं घडवलं. त्यानं माह्याजवळ स्वतःसाठी कधी काही मागतलं नाही. पोराची बदली नाही, नातवाची अॅडमिशन नाही. मागतला तो पूल, तोही गावासाठी. हे मी दिल्लीत दहा जणांले सांगतलं असन. ज्याले सांगाचं, त्याले सांगाचं राह्यलं."

मथुराबाईनं डोळे पुसले. त्याच सकाळी रामराव तिच्याकडून ताक घेऊन गेले होते आणि ताक आंबट आहे म्हणून बोलूनही गेले होते, तरी तिनं डोळे पुसले.

गोपालरावांनी वर्तमानपत्र उलगडलं. आत पांढऱ्या शेवंतीचा हार होता.

"आजी," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "फोटो कुठे ठेवलाय?"

"फोटो कायले पाह्यजे?" दाराआडून आवाज आला. "मी हाये ना."

विमलताई बाजूला सरकल्या. दार उघडलं. रामराव बंडी-धोतरावर, अनवाणी उंबऱ्यात उभे होते.

गुणवंतराव अर्धे उठले आणि पुन्हा खाली बसले. त्यांनी रामरावांकडे पाहिलं, मग विमलताईंकडे, मग गोपालरावांकडे. गोपालरावांना हातातला हार कुठे ठेवावा ते कळेना.

"रामराम," शेवटी गुणवंतराव म्हणाले. आवाज जेमतेम ओट्यापर्यंत आला.

"रामराम," रामराव म्हणाले.

आधी मथुराबाई हसली. मग वाहिद, मग सगळेच. बाया हसता हसता पुन्हा डोळे पुसू लागल्या. वाहिद म्हणाला, "काका, आता शंभर पक्के," आणि कोणी तरी त्याच्या पाठीत धपाटा घातला. गोपालराव तेवढ्यात फाटकाशी जाऊन फोनवर बोलून आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"भाऊ, नेरकडची पिंप्री," ते म्हणाले. "तिथले रामराव गावंडे. परवा गेले. माझ्याकडे नुसतं पिंप्री आलं, आणि मला वाटलं..."

"मलेही तेच वाटलं," गुणवंतराव म्हणाले. "आमदार होतो तवा पिंप्री एकच होती. खासदार झालो, तीन झाल्या." ते रामरावांकडे वळले. "लेका, दार लावून बसला होता, अन् सारं ऐकून राह्यला होता."

रामराव मात्र हसत नव्हते. ते ओट्याच्या काठाशी बसले.

"नेरकडचा रामराव गेला?"

"वळखतो तू त्याले?"

"त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका मले आलती. कोणाची म्हून पाह्यलं, तं पत्ता माहाच. गेलतो मी. मांडवात गेल्यावर दोघांच्याही ध्यानात आलं, का पत्रिका चुकीच्या माणसाले गेली. मी परत फिरलो, तं त्यानं हात धरला. म्हणे, पोरीचा मामा वेळेवर आला नाही, तुम्ही उभे राह्या मामा म्हून. अंतरपाटाच्या वक्ताले त्या पोरीच्या मांगं मी उभा होतो." त्यांनी दुपट्ट्यानं चेहरा पुसला. "कधी मंग भेटला नाही. पण दर दिवाळीले त्या पोरीचा फोन येते. मामा म्हणते मले."

हसणारे एकेक करून खाली बसले.

"तू त्याच्या घरी जाऊन काय बोलणार हायेस?" रामरावांनी विचारलं.

"त्याले मी पाह्यलंही नाही."

"मंग जे इथं बोलला, तेच तिथं बोलशीन?"

"ते कसं बोलीन," गुणवंतराव म्हणाले.

"मंग कशाले चालला एकटा?" रामराव उठले. "थांब. ताई, माहा धुतलेला सदरा काढ. पोरीले तोंड दाखवा लागन."

विमलताई आत गेल्या. सदरा घेऊन आल्या तेव्हा गुणवंतराव ओट्यापाशी उभे होते. "आता पाणी दे," ते म्हणाले. त्यांनी तांब्याभर पाणी उभ्यानंच संपवलं. त्या वेळात रामरावांनी सदरा घातला होता, एक बटण सोडून. गोपालरावांनी हार पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला. दोघं म्हातारे फाटकाकडे निघाले. एकाच्या चपला फाटकाशीच होत्या. दुसऱ्याच्या आतच राहिल्या होत्या, त्या मथुराबाई धावत घेऊन गेली.

विमलताई ओट्यावरच उभ्या राहिल्या. दोघं मागच्या सीटवर बसले. दार लागलं. गोपालराव पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी सुरू झाली, पण हलली नाही. काचेतून रामरावांचा हात वर-खाली होताना दिसत होता. गुणवंतरावांनी पुढच्या सीटवर हात आपटला. थोडा वेळ दोन्ही हात एकाच वेळी हलत होते. विमलताईंनी खांबाला धरलं. रामराव आता उतरेल, असं त्यांना वाटलं. दार उघडलंही.

पण उतरले ते गोपालराव. त्यांनी दार हळूच लावलं, क्षणभर गाडीपाशीच थांबले आणि अंगणातून परत आले. हार छातीशी धरलेला होता.

"आजी," ते म्हणाले, "दोघं भांडतायत."

"कायवरून?"

"पुलावरून. काका म्हणतात, बाळंतिणीचं मला त्याच वेळी का नाही सांगितलं. भाऊ म्हणतात, सांगायला आलो तर तू दार लावलंस. काका म्हणतात, खिडकी होती." त्यांनी घाम पुसला. "भाऊंशी असं कोणी बोलत नाही हो. थांबवू का मी?"

विमलताईंनी गाडीकडे पाहिलं. काच खाली आली होती. रामराव काहीतरी ओरडून सांगत होते आणि गुणवंतराव त्यांच्याहून मोठ्यानं.

"नका थांबवू," त्या म्हणाल्या. "नेरपर्यंत पुरन त्यांचं. तुम्ही मांगच्या गाडीत बसा, बावा."